क्रिएटिनिन १.१: एकाला निर्धास्त, दुसऱ्याला इशारा

मार्च महिन्यातल्या दुसऱ्या गुरुवारी जागतिक किडनी दिन असतो. त्याच्या आगेमागे सवलतीतल्या तपासण्यांच्या जाहिराती सुरू होतात आणि मोबाइलवर रिपोर्ट येऊन पडतात. त्यात बहुतेक जण एकच ओळ शोधतात: सीरम क्रिएटिनिन. आकडा ठळक अक्षरांत नसेल, शेजारच्या मर्यादेत बसत असेल, तर रिपोर्ट तिथेच बंद होतो.

समजा, एकाच घरातल्या दोघांचं क्रिएटिनिन १.१ (दर डेसिलीटरला मिलिग्रॅम) आलं आहे. एक ३० वर्षांचा नातू, दुसरी त्याची ७० वर्षांची आजी. लॅबच्या मर्यादेत दोघंही बसतात. पण आज प्रचलित असलेल्या सूत्रात हे आकडे घातले, तर नातवाच्या किडनीचा गाळण्याचा वेग मिनिटाला ९३ मिलीलीटर येतो आणि आजीचा ५४. नातवाला काही करायची गरज नाही. आजीचा आकडा तीन महिन्यांनी पुन्हा तसाच आला, तर तिला दीर्घकालीन किडनीविकार आहे असं म्हणावं लागेल. तिचं मधुमेहाचं औषध, गुडघेदुखीची गोळी, रक्तदाबाचं लक्ष्य या सगळ्याचा नव्याने विचार करावा लागेल.

एकाच आकड्याचे इतके वेगळे अर्थ कसे निघतात, ते समजून घेण्यासारखं आहे. कारण किडनीचा हा आजार बराच काळ दुखत नाही, सुजवत नाही, सांगत नाही. तो मोजावाच लागतो.

## मोजायचं म्हणजे नेमकं काय?

एका किडनीत साधारण दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही किडन्या मिळून रक्तातून एका मिनिटात किती पाणी गाळतात, तो त्यांच्या कामाचा मापदंड. याला जीएफआर म्हणतात. आपण त्याला गाळण्याचा वेग म्हणू. निरोगी तरुण माणसात तो मिनिटाला १०० ते १२० मिलीलीटर असतो, म्हणजे दिवसाला दीडशे-पावणेदोनशे लीटर. लघवी दीड-दोन लीटरच होते, कारण गाळलेलं बहुतेक पाणी आणि क्षार पुढच्या नळ्यांमध्ये परत शोषले जातात.

म्हणूनच ‘लघवी भरपूर होते, म्हणजे किडनी ठणठणीत’ हे खरं नाही. गाळण्याचा वेग ९० टक्क्यांनी घटला, तरी रोज १५-२० लीटर गाळलं जातं. त्यातून दोन लीटर लघवी सहज होते. पाणी बाहेर पडतं, पण कचरा पुरेसा पडत नाही.

हा वेग थेट मोजणं अवघड आहे, कारण लाखो गाळण्यांना मीटर लावता येत नाही. म्हणून रक्तात एखादा असा पदार्थ शोधतात, जो किडनीतून गाळला जाऊन बाहेर पडतो, आणि त्याच्या पातळीवरून गाळणीचा अंदाज बांधतात. क्रिएटिनिन हा तसा पदार्थ. स्नायूंमधल्या क्रिएटिन नावाच्या द्रव्यापैकी रोज एक-दोन टक्के झिजून त्याचं क्रिएटिनिन होतं आणि ते रक्तात उतरतं.

## हौद, नळ आणि तळाचं भोक

जुन्या वाड्यातला हौद डोळ्यांसमोर आणा. वरून नळ सतत चालू आहे आणि तळाशी एक भोक आहे. काही वेळाने पाणी एका पातळीवर स्थिरावतं: जितकं येतं तितकंच जातं. नळ म्हणजे स्नायू, भोक म्हणजे किडनी, आणि पाण्याची पातळी म्हणजे रक्तातलं क्रिएटिनिन.

आता नातू आणि आजी पाहा. नातवाचे स्नायू भरलेले, म्हणजे नळ मोठा. पातळी १.१ वर ठेवायला भोकही मोठं हवं, आणि ते आहे. आजीचे स्नायू वयाने झिजलेले, नळाला बारीक धार. एवढ्याशा धारेनेही पातळी १.१ पर्यंत चढली, याचा अर्थ भोक अर्धंअधिक बुजलं आहे. लॅबची मर्यादा फक्त पातळी बघते, नळ बघत नाही. काही लॅब स्त्री-पुरुषांच्या मर्यादा वेगळ्या छापतात. त्याने थोडं भागतं, पण वय आणि अंगकाठी तरीही राहूनच जाते.

याच हौदातून दुसरी एक गोष्ट दिसते, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. भोक अर्धं झालं की पातळी साधारण दुप्पट होते. पुन्हा अर्धं झालं की पुन्हा दुप्पट. म्हणजे आकड्याची चाल सरळ रेषेत नसते. ५० वर्षांच्या पुरुषाचं क्रिएटिनिन १.० वरून १.५ झालं, तर त्याचा गाळण्याचा अंदाजे वेग ९२ वरून ५६ वर येतो. म्हणजे ३६ गेले. तेच क्रिएटिनिन पुढे कधी तरी ५ वरून ६ झालं, तर वेग १३ वरून ११ होतो. गेले जेमतेम दोन-तीन. घरचे घाबरतात ते ५ चं ६ झाल्यावर. खरं नुकसान त्या पहिल्या अर्ध्या अंकात झालेलं असतं, आणि तेव्हा ‘जरासं वाढलंय, पाणी जास्त प्या’ एवढ्यावर विषय संपलेला असतो.

तिसरी गोष्ट वेळेची. भोक एकदम बुजलं, तरी हौद भरायला वेळ लागतो. गंभीर जुलाब, सर्पदंश किंवा जंतुसंसर्गात किडनी अचानक बंद पडते, तेव्हा पहिल्या दिवशी क्रिएटिनिन १.४ असू शकतं आणि प्रत्यक्ष गाळणी शून्याजवळ. पाणी स्थिरावलेलं नसताना पातळीवरून भोकाचा हिशेब करता येत नाही. म्हणून पुढे येणारी सगळी सूत्रं दीर्घकालीन, स्थिर आजारासाठीच आहेत. अतिदक्षता विभागातल्या रुग्णासाठी नाहीत.

## ईजीएफआर: नळाचा आकार गृहीत धरणारं सूत्र

नळ मोजता येत नाही, पण त्याचा अंदाज करता येतो. पुरुषांत स्नायू जास्त, वय वाढलं की कमी. एवढं सूत्रात घातलं की पातळीवरून भोकाचा अंदाज निघतो. रिपोर्टवर जो ईजीएफआर दिसतो तो हा. सुरुवातीचा ‘ई’ अंदाजाचा आहे, हे विसरू नये.

१९७६ मध्ये कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांनी दिलेलं सूत्र हाताने करण्याइतकं सोपं आहे. १४० मधून वय वजा करा, वजनाने गुणा, आणि ७२ गुणिले क्रिएटिनिन यांनी भागा. स्त्री असेल तर उत्तराला ०.८५ ने गुणा. हे सूत्र कॅनडातल्या २४९ पुरुष रुग्णांवरून काढलेलं होतं. स्त्रियांचा गुणक नंतर अंदाजाने जोडला. १९९९ मध्ये एमडीआरडी आणि २००९ मध्ये सीकेडी-ईपीआय ही सूत्रं आली. या दोन्हींत कृष्णवर्णीय रुग्णांसाठी वेगळा गुणक होता. कातडीच्या रंगावरून किडनीचा आकडा बदलणं चुकीचं आहे, यावर अमेरिकेत बराच वाद झाला आणि २०२१ मध्ये वंशाचा गुणक काढून टाकलेलं नवं सूत्र आलं. वरचे सगळे आकडे याच २०२१ च्या सूत्राचे आहेत.

याचा आपल्याशी काय संबंध? संबंध असा की लॅबने जुनं सूत्र बदलून नवं घेतलं, तर काहीही न करता ईजीएफआर वाढलेला दिसतो. आजीचा ५४ हा आकडा २००९ च्या सूत्राने ५१ आला असता. तीन अंकांची ही ‘सुधारणा’ काढ्यामुळे किंवा पथ्यामुळे झाली, असा समज सहज होऊ शकतो. रिपोर्टवर सूत्राचं नाव आणि वर्ष बारीक अक्षरांत छापलेलं असतं. दोन रिपोर्टची तुलना करण्याआधी ते बघा. नसेल तर लॅबला विचारा.

गाळण्याच्या वेगानुसार आजाराच्या पायऱ्या ठरतात. ९० किंवा जास्त म्हणजे जी-१, ६० ते ८९ जी-२, ४५ ते ५९ जी-३ए, ३० ते ४४ जी-३बी, १५ ते २९ जी-४ आणि १५ च्या खाली जी-५. पहिल्या दोन पायऱ्यांवर नुसत्या आकड्यावरून आजार म्हणत नाहीत. त्यासाठी लघवीत प्रथिन, रचनेत दोष असा किडनीच्या इजेचा दुसरा पुरावा लागतो. आणि कुठल्याही पायरीवर ‘दीर्घकालीन’ हा शब्द लावण्याआधी दोष तीन महिन्यांहून जास्त टिकलेला असावा लागतो. ५४ चा एक रिपोर्ट पाहून रडायचं कारण नाही, आणि तो फाईलमध्ये विसरायचंही नाही.

## भारतीय शरीरात ही सूत्रं कितपत बसतात?

शंका रास्त आहे. सूत्र गृहीत धरतं तो नळ प्रामुख्याने पाश्चात्त्य माणसाचा आहे. आपल्याकडे सरासरी स्नायू कमी, मांसाहार कमी किंवा अजिबात नाही. म्हणजे नळ सूत्राला वाटतो त्याहून बारीक. मग उत्तर चुकणार ते एकाच दिशेने: किडनी आहे त्यापेक्षा चांगली दिसणार. चंडीगडच्या पीजीआय संस्थेतल्या संशोधकांचा या विषयावरचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गाळण्याचा वेग इन्युलिन नावाचा पदार्थ (त्याच्याबद्दल पुढे येईलच) वापरून प्रत्यक्ष मोजला आणि सूत्रांच्या उत्तरांशी ताडून पाहिला. निष्कर्ष असाच निघाला की क्रिएटिनिनवर आधारलेली प्रचलित सूत्रं भारतीयांमध्ये वेग वाढवून सांगतात.

म्हणून सूत्र टाकून द्यायचं का? नाही. एकाच माणसाचा आकडा वर्षानुवर्षं कुठे चालला आहे, हे त्यातून चांगलंच कळतं; नळ चुकीचा धरला असला तरी तो दर वेळी सारखाच चुकीचा असतो. पण बारीक चणीच्या शाकाहारी बाईंचा ईजीएफआर ६२ आला, तर ‘साठच्या वर आहे’ म्हणून निर्धास्त होऊ नये.

## आकडा फसतो तेव्हा

उत्तम परिस्थितीतही दहातल्या एखाद-दुसऱ्या माणसात ईजीएफआर खऱ्या वेगापेक्षा ३० टक्क्यांहून जास्त चुकतो. त्याहून मोठी गफलत कधी होते, हे माहीत असलेलं बरं.

काही वेळा नळच वेगळा असतो. पोलिओने किंवा पक्षाघाताने वाळलेला पाय, कापलेला अवयव, महिनोन्महिने अंथरुणाला खिळलेला रुग्ण, यकृताचा सिऱ्होसिस, कॅन्सरने खंगलेलं शरीर: या सगळ्यांत क्रिएटिनिन फसवं कमी येतं. उलट पिळदार शरीराच्या व्यायामपटूत, किंवा जिममध्ये क्रिएटिनची पावडर घेणाऱ्यात ते फसवं जास्त येतं. आदल्या रात्री मटणाचा बेत असेल तरी असंच होतं, कारण शिजताना मांसातल्या क्रिएटिनचं क्रिएटिनिन बनतं आणि ते थेट रक्तात जातं. तपासणीआधीचे १२ तास मांस-मासे टाळावेत. क्रिएटिनची पावडर घेत असाल, तर तसं डॉक्टरांना सांगायला लाजू नये.

काही वेळा भोकाशेजारची दुसरी वाट बंद होते. क्रिएटिनिन नुसतं गाळलं जात नाही. किडनीच्या नळ्या थोडं क्रिएटिनिन स्वतःहूनही बाहेर टाकतात. हौदाला बाजूने एक झिरप आहे असं समजा. लघवीच्या संसर्गासाठी देतात त्या गोळीतलं ट्रायमेथोप्रिम, आम्लपित्ताचं जुनं औषध सिमेटिडीन आणि एचआयव्हीवरचं डोल्युटेग्राविर ही झिरप बुजवतात. क्रिएटिनिन वर जातं, पण गाळणी होती तशीच असते.

रक्तदाबाच्या रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन गटातल्या गोळ्यांचं मात्र वेगळं आहे. त्या गाळणीतला दाब कमी करतात, त्यामुळे वेग खरोखरच थोडा उतरतो. हाच त्यांचा किडनीला दीर्घकाळचा फायदा. मधुमेहातल्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांचंही तेच. रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टन सुरू केल्यावर पहिल्या चार आठवड्यांत क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत वाढलं, तर गोळी बंद करत नाहीत. १.० चं १.२ झालेलं पाहून रुग्णाने परस्पर गोळी सोडली, तर किडनीला वाचवणारी गोष्टच हातची जाते.

आणि काही वेळा चूक लॅबच्या परीक्षानळीतली असते. क्रिएटिनिन मोजायची जुनी पद्धत माक्स याफे यांनी १८८६ मध्ये दाखवलेल्या रंगक्रियेवर चालते: पिक्रिक आम्लात क्रिएटिनिन मिसळलं की केशरी रंग येतो. स्वस्त असल्याने ती आजही पुष्कळ ठिकाणी वापरतात. पण हा रंग एकट्या क्रिएटिनिनने येत नाही. साखर खूप वाढलेली असेल, रक्तात कीटोन असतील, किंवा काही प्रतिजैविकं चालू असतील, तर आकडा फुगतो. कावीळ असेल तर दबतो. एन्झाइम वापरणाऱ्या पद्धतीत या भेसळी बऱ्याच कमी होतात. एका लॅबमध्ये १.१ आणि दुसऱ्या दिवशी दुसरीकडे १.२५ आलं, तर बहुधा किडनी बदललेली नसते, पद्धत बदललेली असते. शक्यतो एकच लॅब धरावी. त्यातही शरीरातला रोजचा चढउतार असतोच. ईजीएफआर दोन तपासण्यांत २० टक्क्यांहून जास्त बदलला, तर तो बदल खरा समजून कारण शोधायचं. ५४ चे ५० झाले, तर नुसती नोंद ठेवायची.

गरोदरपणात किडनी जास्त वेगाने गाळते आणि क्रिएटिनिन खाली येतं, म्हणून तिथे ही सूत्रं लावत नाहीत. गरोदर बाईचं ०.९ ‘नॉर्मल’ म्हणून सोडून देण्यासारखं नसतं. मुलांसाठी सूत्र वेगळं: सेंटीमीटरमधली उंची गुणिले ०.४१३, भागिले क्रिएटिनिन. १२० सेंटीमीटर उंचीच्या मुलाचं ०.६ असेल तर उत्तर ८३ च्या आसपास येतं.

## सिस्टॅटिन सी: दुसरा साक्षीदार

स्नायूंवर अवलंबून नसलेला पदार्थ मिळाला तर? सिस्टॅटिन सी हे शरीरातल्या जवळजवळ सगळ्या पेशी तयार करत असलेलं एक लहानसं प्रथिन आहे. ते गाळलं जातं, नळ्यांमध्ये मोडून संपतं, आणि अंगकाठी, आहार यांचा त्यावर परिणाम कमी होतो. आजीसारख्या माणसासाठी ही तपासणी फार उपयोगाची.

पण हा साक्षीदारही निर्दोष नाही. थायरॉइड जास्त चालत असेल, स्टेरॉइड चालू असेल, लठ्ठपणा, धूम्रपान किंवा शरीरात दाह असेल, तर सिस्टॅटिन वाढतं. म्हणून दोन्ही पदार्थ एकत्र घालून केलेलं सूत्र सगळ्यात जवळचं उत्तर देतं: एकाची चूक दुसरा थोडी भरून काढतो. किडनीविकारांसाठी जगभर मार्गदर्शन करणाऱ्या केडिगो या संस्थेने २०२४ मध्ये हाच सल्ला दिला आहे. मोठ्या लॅबमध्ये ही तपासणी होते, क्रिएटिनिनपेक्षा बरीच महाग पडते, आणि दर तीन महिन्यांनी करायची गरज नसते. ईजीएफआर ४५ ते ६० च्या मध्ये आहे, लघवीत प्रथिन नाही, आणि आजार आहे की नाही यावर निर्णय अडला आहे, अशा वेळी एकदा करावी.

## लघवीची तपासणी: सगळ्यात जास्त राहून जाणारी

आतापर्यंत चर्चा झाली ती गाळणीच्या वेगाची. गाळणी फाटली आहे का, हा प्रश्न वेगळा आहे. चहाचं गाळणं भरभर गाळत असेल, पण त्याच्या जाळीला भोक पडलं असेल, तर पत्ती कपात उतरते. अल्ब्युमिन हे रक्तातलं मोठं प्रथिन. धड गाळणीतून ते जवळजवळ उतरत नाही. लघवीत ते दिसायला लागलं, म्हणजे जाळी फाटते आहे. मधुमेहात हे अनेकदा क्रिएटिनिन हलण्याच्या कित्येक वर्षं आधी दिसतं. औषधांचा सर्वात जास्त फायदा होतो तोही याच काळात.

तपासणीचं नाव यूएसीआर, म्हणजे लघवीतल्या अल्ब्युमिनचं क्रिएटिनिनशी प्रमाण. पाणी जास्त प्यायलं तर लघवी पातळ होते आणि नुसता अल्ब्युमिनचा आकडा फसतो. क्रिएटिनिनही तेवढंच पातळ होत असल्याने प्रमाण टिकून राहतं. ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या खाली ठीक, ३० ते ३०० म्हणजे मध्यम वाढ, ३०० च्या वर जास्त. शक्यतो सकाळची पहिली लघवी, मधल्या धारेची द्यावी. ताप, लघवीचा संसर्ग, मासिक पाळी, किंवा आदल्या दिवशीचा खूप व्यायाम असेल तर तपासणी पुढे ढकलावी. एकदा वाढलेलं आलं तर तीन महिन्यांत पुन्हा करावी. तीनपैकी दोनदा वाढलेलं असेल तर खरं मानतात. अगदी कृश माणसात लघवीतलं क्रिएटिनिनच कमी असतं, त्यामुळे त्याचं प्रमाण थोडं फुगून दिसतं, हेही ध्यानात असावं.

साध्या लघवी तपासणीत ‘अल्ब्युमिन: निल’ लिहिलं आहे, मग ही कशाला? कारण त्या पट्टीला थोडं अल्ब्युमिन दिसतच नाही. ३० ते ३०० मधले बरेच रुग्ण तिच्या नजरेतून सुटतात. टाइप २ मधुमेहात निदान झाल्यापासून, टाइप १ मध्ये पाच वर्षांनंतर, दर वर्षी यूएसीआर आणि क्रिएटिनिन दोन्ही व्हायला हवीत. माझ्या मते सवलतीच्या मोठ्या पॅकेजमधल्या निम्म्या तपासण्या काढून ही एक घातली, तर जास्त किडन्या वाचतील.

उलटही खरं आहे. आंध्रातल्या श्रीकाकुलम जिल्ह्यात उड्डानम भागात शेतकरी-मजुरांमध्ये जो किडनीविकार आढळतो, त्यात लघवीत प्रथिन फारसं नसतं. तिथे फक्त लघवी तपासली तर आजार निसटतो. म्हणून वेग आणि जाळी, दोन्ही बघायची.

दोन्ही मिळून पुढचा धोका ठरतो. ईजीएफआर ५४ आणि यूएसीआर १० असलेली आजी आणि ईजीएफआर ५४ आणि यूएसीआर ६०० असलेला तिचा शेजारी, यांची पायरी एकच दिसते, पण शेजाऱ्याची किडनी कितीतरी वेगाने उतरण्याची भीती असते. वय, लिंग, ईजीएफआर आणि यूएसीआर एवढ्या चारच गोष्टींवरून दोन आणि पाच वर्षांत किडनी निकामी होण्याची शक्यता सांगणारं गणित २०११ पासून उपलब्ध आहे. जी-३ आणि त्यापुढच्या रुग्णांनी आपल्या डॉक्टरांना ते करायला जरूर सांगावं.

## चोवीस तासांची लघवी जमा करणं

ही पद्धत जुनी आहे, किचकट आहे, पण नीट केली तर सूत्राच्या गृहीतकांशिवाय उत्तर देते. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची आणि वेळ लिहायची. त्यानंतरची प्रत्येक लघवी, शौचाला गेल्यावरचीही, कॅनमध्ये. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची पहिली लघवी कॅनमध्ये घालून थांबायचं. कॅन थंड जागी ठेवायचा. चुका नेहमी दोनच: मधली एखादी राहते, किंवा दोन्ही सकाळच्या घातल्या जातात. पहिलीत उत्तर कमी येतं, दुसरीत जास्त.

समजा ५० किलो वजनाच्या बाईंची लघवी १,५०० मिलीलीटर झाली, त्यात क्रिएटिनिन दर डेसिलीटरला ६० मिलिग्रॅम, रक्तात १.५. मग ६० गुणिले १,५००, भागिले १.५, भागिले दिवसाची १,४४० मिनिटं: उत्तर मिनिटाला ४२ मिलीलीटर. जमा केलेली लघवी पूर्ण होती का, हेही तपासता येतं. दिवसाचं एकूण क्रिएटिनिन इथे ९०० मिलिग्रॅम, म्हणजे किलोमागे १८. बायकांत ते १५ ते २०, पुरुषांत २० ते २५ अपेक्षित असतं. ते किलोमागे ९ आलं असतं, तर लघवी राहून गेली असा संशय घ्यायचा.

यातही त्या झिरपीमुळे उत्तर खऱ्या वेगापेक्षा थोडं जास्त येतं, आणि किडनी जितकी खराब तितका हा फरक मोठा. युरियाचं उलट: तो गाळल्यावर थोडा परत शोषला जातो, म्हणून त्याचं उत्तर कमी येतं. डायलिसिसच्या जवळ आलेल्या रुग्णात दोन्हींची सरासरी काढतात. एक चूक वरची, एक खालची, आणि सरासरी खऱ्या आकड्याजवळ पोहोचते.

रक्तातल्या युरियाच्या एकट्या आकड्यावर मात्र विसंबू नये. जास्त प्रथिनं खाल्ली, पाणी कमी पडलं, आतड्यात रक्तस्राव झाला, तरी तो वाढतो. शिवाय काही लॅब युरिया छापतात, काही बीयूएन, म्हणजे युरियातला फक्त नायट्रोजन. बीयूएनला २.१४ ने गुणलं की युरिया येतो. २० आणि ४३ हे एकच माप आहे.

## प्रत्यक्ष मोजमाप कधी करायचं?

अंदाज पुरत नाही असे प्रसंग थोडे, पण मोठे असतात. कोणी आईला किडनी द्यायला तयार आहे. कॅन्सरच्या कार्बोप्लॅटिनचा डोस ठरवायचा आहे, आणि तो डोस गाळण्याच्या वेगावरूनच मोजतात. किंवा अंगकाठी इतकी वेगळी आहे की कुठलंच सूत्र लागू पडत नाही.

सर्वांत विश्वासाची जुनी पद्धत इन्युलिनची. (मधुमेहातल्या इन्सुलिनशी तिचा काही संबंध नाही.) डेलिया, चिकोरी यांच्या मुळांत मिळणारी ही साखरेची लांब साखळी गाळली जाते, नळ्या ती ना शोषतात, ना बाहेर टाकतात. पण तासन्‌तास सलाइनमधून द्यावी लागते आणि वेळेवर लघवी जमा करावी लागते, म्हणून ती आता संशोधनापुरती उरली आहे. तिची जागा आयोहेक्सॉलने घेतली आहे. सीटी स्कॅनमध्ये वापरतात तेच हे औषध, फक्त ५ मिलीलीटरच्या आसपास देतात आणि दोन तासांनंतर ठरावीक अंतराने रक्त घेऊन ते किती वेगाने ओसरलं ते बघतात. किडनी खूप मंद असेल तर शेवटचा नमुना दुसऱ्या दिवशीही घ्यावा लागतो.

आपल्याकडे जास्त परिचित आहे तो डीटीपीए स्कॅन. त्यात किंचित किरणोत्सर्गी औषध शिरेतून देऊन कॅमेऱ्याखाली किडन्या बघतात. त्याचा मोठा गुण म्हणजे डावी-उजवी वेगळी कळते, आणि दात्याची कुठली किडनी काढायची हे ठरवायला तेच हवं असतं. पण कॅमेऱ्याने काढलेला एकूण वेग फार काटेकोर नसतो. किडनी कातडीखाली किती खोल आहे हे उंची-वजनावरून धरतात. सुईची थोडी गळती झाली किंवा रुग्ण पाणी न पिता आला, तरी आकडा हलतो. स्कॅनमध्ये ५८ आणि ईजीएफआर ७५ असेल, तर यंत्रातून आला म्हणून ५८ खरा, असं धरून चालू नये. त्याच औषधानंतर रक्ताचे नमुने घेऊन वेग काढला, तर तो जास्त भरवशाचा.

आणि सोनोग्राफी? ती आकार, मुतखडा, अडथळा दाखवते. काम मोजत नाही. मधुमेहात तर किडनीचा आकार बराच काळ चांगला राहतो आणि काम मात्र खालावलेलं असतं. ‘सोनोग्राफी नॉर्मल’ हे ईजीएफआरचं उत्तर नव्हे.

## औषधाचा डोस आणि १.७३ ची भानगड

रिपोर्टवर ईजीएफआरपुढे ‘प्रति १.७३ चौरस मीटर’ असं लिहिलेलं असतं. १९२० च्या दशकातल्या अमेरिकी तरुण माणसांच्या शरीराच्या पृष्ठभागाची ही सरासरी. सगळ्यांचे आकडे या एका मापावर आणून तुलना करतात. आजार कोणत्या पायरीवर आहे हे ठरवायला ते ठीक. पण औषध आजीच्या खऱ्या शरीरात जाणार आहे. तिची उंची १५० सेंटीमीटर, वजन ४५ किलो, म्हणजे पृष्ठभाग १.३७. मग तिचा खरा वेग ५४ गुणिले १.३७ भागिले १.७३, म्हणजे ४३. कॉकक्रॉफ्टच्या जुन्या सूत्राने ३४ येतो. पुष्कळ औषधांचे डोस त्याच सूत्रावर बेतलेले असल्याने ते अजून वापरात आहे.

मेटफॉर्मिन ३० च्या खाली बंद करतात आणि ४५ च्या खाली डोस कमी करतात. म्हणून लहान चणीच्या वयस्कर माणसाच्या औषधाच्या चिठ्ठीवर वजन आणि उंची लिहिलेली असावी. आपल्याकडे ती बहुधा लिहिलेली नसते. परदेशातल्या मुलांकडे रिपोर्ट पाठवणाऱ्यांसाठी आणखी एक: ब्रिटनमध्ये क्रिएटिनिन मायक्रोमोलमध्ये मोजतात. आपल्या आकड्याला ८८.४ ने गुणलं की त्यांचा आकडा मिळतो, आपलं १.१ तिथे ९७ असतं.

## ‘आता किती आलं की डायलिसिस?’

हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला जातो आणि त्याला एका आकड्याचं उत्तर नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत वेग १० ते १४ असतानाच डायलिसिस सुरू केलेल्यांची आणि ५ ते ७ पर्यंत थांबलेल्यांची तुलना झाली. लवकर सुरू केल्याने आयुष्य वाढलं नाही. भूक मरणं, उलट्या, औषधाने न उतरणारी सूज आणि दम, काबूत न येणारं पोटॅशियम यांवरून वेळ ठरते. शिवाय या टप्प्यावर स्नायू झिजलेले असतात, नळ बारीक झालेला असतो. क्रिएटिनिन ७ वरून ६ वर आलं, तर किडनी सुधारली असं समजू नये. माणूस खंगत चालला आहे का, ते वजनकाट्यावर बघावं.

आकड्याचा उपयोग तयारीसाठी होतो. वेग २० च्या खाली गेला की प्रत्यारोपणासाठी नाव नोंदवायची आणि घरातल्या दात्यांच्या तपासण्यांची वेळ येते. हातावरचा फिस्टुला, म्हणजे शीर आणि धमनी जोडून केलेली वाट, वापरायोग्य व्हायला कित्येक आठवडे लागतात, म्हणून तो आधी करून ठेवतात. त्यासाठी शीर धड असावी लागते. वेग ३० च्या खाली असलेल्या रुग्णाने तपासणीसाठी रक्त द्यायला बसताना, उजव्या हाताने कामं करायची सवय असेल तर डावा हात मागे घ्यावा आणि सुई कोपराच्या किंवा मनगटाच्या शिरेत न घालता पंज्याच्या मागच्या बाजूला घालायला सांगावी.